आश्रमात डॉक्टर ‘येतात’ म्हणजे नक्की कधी?

आईला पुण्याजवळच्या वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलं तेव्हा आम्ही खोली पाहिली, आमटी चाखली, बाथरूममधले दांडे हलवून बघितले. डॉक्टरांचं विचारलं तर उत्तर आलं, “येतात की!” आम्ही मान डोलावली. चुकलं ते तिथेच.

तुम्ही खोदून विचारा. कोणत्या वारी येतात? फी महिन्याच्या पैशांत धरलीय का? रात्री दोनला कुणी पडलं तर फोन कुणाला जातो? हे शेवटचं ऑफिसात नको, रात्रपाळीच्या मावशींना विचारा. खरं उत्तर त्यांच्याकडे असतं.

आमचे डॉक्टर गुरुवारी यायचे. तीस जण, दीड तास. म्हणजे माणशी तीन मिनिटं, आणि त्यातली दोन आई “मी बरी आहे हो, तुम्ही चहा घेतलात का?” यात घालवायची.

म्हणून एक वही ठेवा. साधी शंभर पानी, उशाशी दोरीनं बांधलेली. डाव्या पानावर मावशींनी बीपी, शुगर, जेवण, शौच लिहायचं. उजव्या पानावर आपले प्रश्न, दोनच. तिसरा लिहिलात तर पहिलाही वाचला जात नाही. पहिल्या पानावर चालू गोळ्या: नाव, डोस, कुणी दिली, कधीपासून. नावाखालचं बारीक अक्षरातलं मूळ औषधही उतरवा. आईच्या यादीत बीपीच्या दोन गोळ्या निघाल्या, नावं वेगळी आणि औषध एकच. एक हृदयवाल्या डॉक्टरांची, दुसरी आश्रमातल्या. सकाळची चक्कर का येते म्हणून आम्ही दोन महिने मानेचे व्यायाम करून घेत होतो!

काही गोष्टींना मात्र गुरुवारची वाट बघायची नाही. एका सोमवारी आई मला ‘शालू’ म्हणू लागली. शालूमावशी जाऊन वीस वर्षं झाली. “वयोमानानं होतं,” असं मला सांगण्यात आलं. निघालं लघवीचं इन्फेक्शन, तापाचा पत्ता नसताना. विसरभोळेपणा हळूहळू वाढतो. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ उडाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लघवी तपासा, रक्तातलं सोडियम तपासा, नवी गोळी सुरू झालीय का बघा.

रिपोर्ट दाखवण्यासारख्या कामाला ई-संजीवनी ही सरकारी सेवा फुकट आहे. फोनवर डॉक्टर भेटतात. आई ऐकू कमी येतं म्हणून चिडायची, तेव्हा मी शेजारी बसून ओरडून सांगायचे. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, पडून न उठणं, यात फोनाफोनी नको, सरळ १०८. आश्रमाचा पत्ता आणि गेटची खूण भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटवा. घाबरलेल्या माणसाला पत्ता आठवत नाही.

सरकारी दवाखान्यात ज्येष्ठांची वेगळी रांग मागा. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातच ती आहे. आणि वय सत्तर झालं असेल तर आयुष्मान वय वंदना हे सरकारी उपचारांचं कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार फुकट, पण भरती झाल्यावरच. गुरुवारची फी त्यात येत नाही. कार्डाला आधार लागतं. आईचं आधार बाबांच्या नंबरला जोडलेलं, आणि बाबांचं सिम केव्हाच बंद झालेलं. नंबर बदलायला तिला व्हीलचेअरसकट आधार केंद्रात न्यावं लागलं. हे काम माणूस चालताफिरता असतानाच उरकून टाका.