लंबकाचं घड्याळ: नटाला हात लावण्याआधी टांगणी बघा

भिंतीवरचं घड्याळ मागे पडायला लागलं की हात आधी गोळ्याखालच्या नटाकडे जातो. नट फक्त लांबी बदलतो. दोष टांगणीत, म्हणजे लंबक ज्यावर लोंबतो त्या पट्टीत, असेल तर आज जमवलेली वेळ चार दिवसांत पुन्हा बिघडते.

लंबक उतरवा आणि तो ज्या पोलादी पट्टीवर लोंबतो ती उजेडात धरा. चुणी, पीळ किंवा कडेला बारीक चीर दिसली तर पट्टी बदलाच, सरळ करत बसू नका. चुणी पडली की गोळा पुढेमागे डुगडुगतो, जोर वाया जातो आणि घड्याळ थांबतं. नवी पट्टी मायक्रोमीटरने मोजून घ्या. कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, ०.१० मिमीच्या जागी ०.१२ बसवली तर तो पावणेदोन पटीच्या आसपास जातो आणि घड्याळ पुढे धावतं. वरच्या खाचेत पट्टी जराही हलता कामा नये, नाहीतर ती वाकते ती जागाच सरकत राहते.

मग टक-टकीचा ठोका समान करणं. घड्याळ भिंतीला घट्ट बसवा, लंबक स्थिर करा, हळूच डावीकडे न्या. टक् वाजलं ते अंतर बघा. तसंच उजवीकडे. ज्या बाजूला आवाज लवकर येतो त्या बाजूला क्रचची, म्हणजे लंबकाला ढकलणारी, दांडी किंचित वाकवा. वाकवताना वरचा अँकर (चाकाचे दात एकेक करून अडवणारा आणि सोडणारा भाग) दुसऱ्या हाताने धरा, चाकाचे दात वाचतात. टक-टक समान अंतराने आली पाहिजे.

आता नट. मिनिटाला १२० ठोके देणाऱ्या लंबकाची लांबी सुमारे २४८ मिमी असते; तिथे १ मिमीने दिवसाला जवळपास तीन मिनिटांचा फरक पडतो. नटाचे आटे अर्ध्या मिमीचे असतील तर एक फेरा म्हणजे साधारण दीड मिनिट. गोळा वर गेला की घड्याळ पुढे, खाली आला की मागे. (बर्लिनमध्ये अचूक लावलेलं घड्याळ मुंबईत रोज दोनेक मिनिटं मागे पडेल, कारण इथे गुरुत्वाकर्षण थोडं कमी.) पोलादी दांडी असेल तर १० अंश तापमान वाढल्यावर दिवसाला पाचेक सेकंद मागे पडणारच, त्यासाठी नट छेडू नका.

नट फिरवताना गोळा दुसऱ्या हाताने धरा, नाहीतर पीळ थेट पट्टीत जातो. चोवीस तासांनी तपासा, मगच पुढचा फेरा. घड्याळ हलवायचं असेल तर लंबक आधी काढून ठेवा. बहुतेक पट्ट्या तिथेच मोडतात.