अकरा माणसं, दहा तिकिटं

पोकरमधलं ब्लाइंड काय, बटण काय, फ्लॉपनंतर टर्न आणि मग रिव्हर, एवढं तुम्हाला येतं असं धरून चालतो. येत नसेल तर अर्ध्या तासात येईल, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. मी लिहितोय ते त्यापुढचं, आणि त्यातही बरंचसं एकाच डावाबद्दल.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ सरसकट बंदीत आले. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वाद त्यात ठेवलाच नाही. देशातल्या मोठ्या ॲपांनी रुपयांची टेबलं लगेच उठवली. शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांचे व्यवहार करून देणाऱ्याला, नुसतं खेळणाऱ्याला नाही. नेमकं हेच वाक्य पुढे करून टेलिग्रामवरचे एजंट पोरांना गाठतात: क्लबच्या चिप्स घे, यूपीआय कर, जिंकलास की त्याच नंबरवरून परत. माझ्या ओळखीतल्या एकाचं बँक खातं असल्याच व्यवहारात गोठलं आणि दोन महिने त्याचा पगार आत अडकला. तक्रार तरी कुणाच्या नावानं करणार? तेव्हा त्या वाटेला जाऊच नका. खाली रुपयांचे जे आकडे येतील ते माझ्या जुन्या वहीतले आहेत. आज शिकायचं असेल तर फुकट चिप्सवर किंवा मित्रांमध्ये शिका. खेळ तोच आहे.

मी इंदूरचा, राजेंद्र नगरात वाढलो. बी.कॉम. झाल्यावर दवा बाजारात एका होलसेलरकडे बिलिंगला लागलो, पगार साडेसोळा हजार. पत्ते घरातच शिकलो. दिवाळीत आमच्याकडे आत्या, काका, चुलत भावंडं असे पंधरा-सोळा जण जमायचे आणि लक्ष्मीपूजनानंतर सतरंजीवर तीन पत्ती बसायची. काकांचं एक वाक्य ठरलेलं: "आलेलं पान सोडायचं नाही, लक्ष्मी रुसते." ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, हातात असताना पॅक झालेला, म्हणजे पानं टाकून दिलेला माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मला नव्हता.

माझं एक मत आहे, पटलं तर घ्या. मेंढीकोट खेळलेला माणूस पोकर लवकर शिकतो, तीन पत्ती खेळलेला उशिरा. मेंढीकोटात कुठली पानं गेली, कुणाकडे हुकूम उरलाय याकडे लक्ष ठेवावं लागतं. तीन पत्तीत लक्ष असतं समोरच्याच्या चेहऱ्यावर आणि आपल्या छातीवर. ऑनलाइनमध्ये चेहरा नाही, उरते ती छाती.

आता प्रकार. कॅश टेबलवर चिप म्हणजे रुपया, हवं तेव्हा उठा. टूर्नामेंटमध्ये एकदा भरणा, चिप्स संपल्या की घरी, आणि ब्लाइंड, म्हणजे दर डावाला दोघांनी सक्तीनं टाकायच्या चिप्स, चढतच राहतात. सिट अँड गो म्हणजे एका टेबलाची छोटी टूर्नामेंट. सहा किंवा नऊ जण जमले की सुरू. नवीन माणसानं इथूनच सुरुवात करावी, कारण शेवटचे तीन-चार जण उरल्यावरचा खेळ रोज हाती लागतो. तीन जणांच्या त्या झटपट टेबलांना मी चक्रीच म्हणतो, बक्षीस किती हे आधी चाक फिरवून ठरतं. टर्बो आणि हायपर, म्हणजे ब्लाइंड भराभर चढणाऱ्या टूर्नामेंट, हा घाईवाल्यांचा नाद आहे, त्यात शिकायला वेळच मिळत नाही. बाउंटीमध्ये माणूस बाद केला की त्याच्या डोक्यावरची रक्कम मिळते. वाढत्या बाउंटीत त्यातली निम्मी तुम्हाला आणि निम्मी तुमच्या डोक्यावर चढते, म्हणून तिथे थोडं सैल हातानं कॉल करणं, म्हणजे समोरच्याइतक्या चिप्स लावणं, बरोबर असतं. फ्रीरोलमध्ये, म्हणजे फुकट टूर्नामेंटमध्ये, पहिला तासभर सगळे ऑल-इन करतात, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम पुढे, त्यातून शिकायला काही मिळत नाही.

आणि उरलं सॅटेलाइट.

सॅटेलाइटमध्ये बक्षीस रोख नसतं, मोठ्या टूर्नामेंटचं तिकीट असतं. याचं आकर्षण कुठून आलं हे पोकर खेळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा अमेरिकन हिशोबनीस (आडनाव खरं आहे) ऑनलाइन सॅटेलाइटमधून लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत पोचला, ८३९ जणांत पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. तोही हिशोब लिहिणारा, मीही हिशोब लिहिणारा. एवढं साम्य मला पुरलं.

२०२२ चा पावसाळा. रविवारच्या मोठ्या टूर्नामेंटचा भरणा ५,५०० रुपये, म्हणजे माझ्या पगाराचा तिसरा हिस्सा. शनिवारी रात्री तिचं सॅटेलाइट, भरणा ५०० आणि वर फी ५०. एकशे दहा जण आले, म्हणजे ५५,००० जमले, म्हणजे बरोबर दहा तिकिटं. प्रत्येकाला सुरुवातीला १०,००० चिप्स. एकूण अकरा लाख. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

रात्री पावणेदोनला आम्ही अकरा जण उरलो होतो. मी जिन्यात बसलेलो, कारण चार्जरची वायर तिथल्याच प्लगला पुरायची आणि खोलीत आजी झोपलेली. फोन इतका तापलेला की खाली वर्तमानपत्राची घडी ठेवली होती. ब्लाइंड ४,०००/८,०००, आणि अँटी, म्हणजे प्रत्येकानं दर डावाला टाकायच्या चिप्स, १,०००. माझ्याकडे १,९२,०००. माझ्या टेबलावर सहा जण, त्यात सगळ्यात मोठा ढीग ३,१०,००० चा. दुसऱ्या टेबलावर एकाकडे १३,००० आणि एकाकडे २१,०००. यातलं कुणीही एक गेलं की आम्हा दहाही जणांना तिकीट.

मी बिग ब्लाइंडवर. सगळे पॅक झाले आणि स्मॉल ब्लाइंडवरच्या त्या मोठ्या ढिगानं ऑल-इन केलं. मी पानं बघितली. इस्पिक एक्का, बदाम एक्का.

कॉल दाबायला मला एक सेकंदही लागला नाही. काकांचा आवाज कानात होता की नव्हता, सांगता येत नाही, पण बोट त्यांचंच होतं. समोर सत्ते-सत्ते. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, राजा, सत्ता, दुर्री. त्याचे तीन सत्ते झाले. पुढची दोन पानं मला आठवतही नाहीत. अकरावा. दहा तिकिटं दहा जणांना, मला शून्य. मिनिटाभरानं त्या १३,००० वाल्याला तिकीट मिळाल्याची पाटी पडद्यावर आली.

मी बरेच दिवस याला नशीब म्हणत होतो. एक्क्यांची जोडी दर २२१ डावांत सरासरी एकदा येते, सत्त्यांविरुद्ध ती शंभरात ऐंशी वेळा जिंकते, म्हणजे मी बरोबर खेळलो आणि नशीब फिरलं, असं मित्रांना ऐकवायचो. सहा महिन्यांनी हिशोब मांडायला बसलो तेव्हा कळलं की पानं कुठलीही पडली असती तरी कॉल चूकच होता.

हे सावकाश सांगतो, कारण आजही दहातले आठ जण मान हलवतात आणि पुढच्याच सॅटेलाइटला तेच करतात.

लग्नाची पंगत समजा. दहा पाट मांडलेत. पहिल्या पाटावर बसा नाहीतर शेवटच्या, ताटात जिलबी तेवढीच. सॅटेलाइटमध्ये तीन लाख चिप्सवाल्याला जे तिकीट, तेच तेरा हजारवाल्याला. एकूण चिप्सना तिकिटांनी भागा: अकरा लाख भागिले दहा, १,१०,०००. एवढ्या चिप्स झाल्या की तुमचा पाट जवळजवळ धरलेला आहे. माझ्याकडे त्याच्या पावणेदोनपट होत्या. मी जिंकून ३,८४,००० केले असते तर मिळालं काय असतं? एकच तिकीट. दोन नाही.

आता दुसरी बाजू. सहा जणांच्या टेबलावर एका फेरीला ब्लाइंडचे १२,००० आणि अँटीचे ६,००० जातात, एकूण १८,०००. मी फोन तिथेच ठेवून झोपायला गेलो असतो तरी दहा फेऱ्या टिकलो असतो. ब्लाइंड चढले असते तर सात-आठ म्हणा. तो तेरा हजारवाला एक फेरीसुद्धा निघणार नव्हता. म्हणजे पॅक केलं असतं तर शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा तिकीट माझं. आणि कॉल केला तर? समोरचा डोळे मिटून कुठल्याही दोन पानांवर ऑल-इन करतोय असं धरलं तरी एक्के शंभरात पंच्याऐंशी वेळाच जिंकतात. अठ्ठ्याण्णव सोडून मी पंच्याऐंशी घेतले, तेही जगातली सगळ्यात चांगली पानं हातात असताना. राजे किंवा राण्या असत्या तर विचारूच नका.

आणि समोरचा? तो मूर्ख नव्हता. आपल्याला कॉल करणं कुणालाच परवडत नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी माझ्याकडे इतक्या चिप्स असताना त्यानं अंगावर घेतलं ही त्याचीही चूकच. त्याला तर काहीच करायची गरज नव्हती. पण त्याच्या चुकीचं बिल मी भरलं.

साध्या टूर्नामेंटमध्ये हेच गणित थोडं सौम्य होऊन येतं. चिप्स दुप्पट झाल्या म्हणून त्यांची रुपयातली किंमत दुप्पट होत नाही, कारण पहिल्यालासुद्धा सगळं बक्षीस मिळत नाही. याला आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात. मूळ सूत्र १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतीसाठी मांडलेलं, १९८७ मध्ये मेसन मालमुथनं ते पोकरला लावलं. फुकट कॅल्क्युलेटर मिळतात, ढिगांचे आकडे टाकले की झालं. बबलवर, म्हणजे पुढचा बाद होणारा हात हलवत जाणार अशा वेळी, मधल्या ढिगावाल्यानं मोठ्या ढिगाशी भिडू नये आणि मोठ्यानं मधल्यांना सारखं टोचत राहावं. दहा-बारा बिग ब्लाइंड उरले की थोडं वाढवून मग पॅक होणं म्हणजे चिप्स दान करणं. एक तर ऑल-इन नाहीतर पॅक. एवढं आलं तरी तुम्ही बऱ्याच जणांच्या पुढे आहात.

गुरूंबद्दल. मला एक दादा भेटले होते, भरणा ते करणार, नफा निम्मा-निम्मा, आणि तोटा झाला तर तो माझ्या नावावर साठत जाणार. हे मला तिसऱ्या महिन्यात नीट कळलं, तोवर माझ्या नावावर अकरा हजार चढले होते. शिकवलं काय, तर एक चार्ट, कुठल्या जागेवरून कुठली पानं खेळायची त्याचा. तो चार्ट नेटवर फुकट आहे. चार्ट पाठ करणं वाईट नाही, पण चार्टला माहीत नसतं की तुम्ही सॅटेलाइटमध्ये आहात. माझं खरं शिक्षण झालं ते इंदूरच्या भंवरकुआँला एमपीपीएससीची, म्हणजे राज्य लोकसेवा परीक्षेची, तयारी करणाऱ्या एका मित्राबरोबर, रोज हरलेले दोन डाव एकमेकांना समजावून सांगताना. "का?" असं विचारणारा एक माणूस शोधा. तो तुमच्यापेक्षा कच्चा असला तरी चालेल.

आणि वही ठेवा. माझी दोन वर्षांची बेरीज: भरले १,५४,०००, परत आले १,३१,०००. तोटा २३,०००. आता गंमत बघा, दर ५५० मागे ५० फी, म्हणजे भरलेल्यातले १४,००० नुसत्या फीचे. माझ्या तोट्यातला निम्म्याहून जास्त भाग कुठल्याच खेळाडूनं जिंकला नव्हता. याच पैशांवर नोकरी सोडायच्या गप्पा मी आईशी केल्या होत्या. कुणी पोकरला करिअर म्हणत असेल तर त्याची वही मागा. स्क्रीनशॉट नको, वही.

पण घाबरून सोडूही नका. ती २३,००० ची ठेच मला लागली कारण मी पगारातले पैसे लावले. फुकट चिप्सवर हीच चूक तुम्हाला एका रात्रीच्या चिडचिडीत पडेल. डाव हरल्यावर 'मी नालायक' असं वाटतं, ते प्रत्येकालाच वाटतं. दोनशे टूर्नामेंट होईपर्यंत स्वतःला मार्क देऊ नका, इतका हा खेळ वरखाली होतो.

हल्ली आम्ही महिन्यातून एका रविवारी गच्चीवर खेळतो, चिंचोक्यांवर. सहा जण, आणि पहिल्या तिघांना सारखंच: भांडी न घासण्याची सवलत. सॅटेलाइटच झालं की. मागच्या वेळी चौघं उरलो होतो. आतेभावाकडे चारच चिंचोके, माझ्याकडे बऱ्यापैकी ढीग. काकांनी सगळा ढीग पुढे ढकलला आणि मला राजे आले, किलवर आणि चौकट. मी पानं उलटी करून दाखवली आणि टाकली. हात जड झाला, खोटं कशाला बोलू.

काकांनी माझ्या राजांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या हातात नव्वी-चव्वी होती.

"अरे, राजे टाकतोस?" ते म्हणाले. "डॉक्टरला दाखव."

पुढच्याच डावात आतेभाऊ गेला. भांडी त्यानं, आत्यानं आणि माझ्या बायकोनं घासली. काका अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.