पॉलिहाऊस रिकामं असेल तर आजच बेड झाका

आज १० मे धरली तर मृगाला चार आठवडे उरलेत. ज्यांचं पॉलिहाऊस सध्या रिकामं आहे, त्यांच्या हातात एवढेच दिवस आहेत. आभाळ भरून आलं की हे काम जमत नाही. काम एकच: बेड, म्हणजे लागवडीचे गादीवाफे, पारदर्शक पेपरखाली उन्हानं तापवून त्यातल्या सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांवर गाठी करणाऱ्या बारीक निमॅटोडचा, बंदोबस्त.

पॉलिहाऊसचे फायदे खोटे नाहीत. पावसात फूल भिजत नाही, रंगीत ढोबळीला रंग धरतो, ठिबकवर पाणी मोजून जातं, बाहेर माल नसतो तेव्हा आपला निघतो. तोटेही ठाऊक आहेत: भांडवल मोठं, तीनेक वर्षांनी छपराचा प्लास्टिक पेपर बदलायचा, उन्हाळ्यात आत फुलकिडे आणि लाल कोळी, बाजार पडला तर हप्ता थांबत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं मावळ-जुन्नरकडची पॉलिहाऊस फाडली, त्याचे पंचनामे तरी झाले. निमॅटोडनं तिसऱ्या-चौथ्या वर्षी बसलेल्या पॉलिहाऊसचा पंचनामा कोणी करत नाही. सांगाडा उभा असतो आणि आत गवत.

उभारणीच्या कोटेशनमध्ये हा तोटा कधीच लिहिलेला नसतो. बाहेरच्या रानाला पीकपालट मिळते, उन्हाळ्यात नांगरट तापते. आत मात्र वर्षभर ढोबळी नाहीतर काकडी, कायम ओल, कायम ऊब, आणि भाताचं तूस मिसळलेली भुसभुशीत लाल माती. निमॅटोडला याहून बरी जागा नाही. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते आणि उबदार मातीत महिनाभरात पुढची पिढी तयार होते.

मी पाहिलेल्या बहुतेक नुकसानीत गोष्ट सारखीच आहे. दुपारी झाडं माना टाकतात, संध्याकाळी सावरतात. मधेच एक पट्टा खुजा आणि पिवळा राहतो. दुकानदार ह्युमिक देतो, मग सूक्ष्म अन्नद्रव्यं, मग कुठलंसं आयात टॉनिक. हजारो रुपये ड्रीपमधून जातात आणि झाड उपटून मूळ कोणी बघत नाही. मुळावर गाठी असतील तर वरून काहीही पाजा, उपयोग नाही. दर पंधरवड्याला दोन-चार झाडं उपटा, मुळं धुऊन बघा. याला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा कोणी सांगत नाही.

आता करायचं ते असं. जुनं पीक कापून नका काढू, मुळांसकट उपटा. गाठीची मुळं बांधावर किंवा उकिरड्यावर टाकू नका, वाळवून जाळा. बेडच्या कडेची आणि गटारातली घोळ, कामोणी, माठ ही तणं खणून काढा, कारण निमॅटोड त्यांच्यावरही जगतो. बेड आधीच खोल भुसभुशीत करून ठिबकनं पूर्ण भिजवा. कोरडी माती खालपर्यंत तापत नाही. वर २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक पेपर ताणून सगळ्या कडा मातीत दाबा. काळा मल्चिंग पेपर इथं चालत नाही, आणि छपरावरून उतरवलेला धुळकट, फाटका पेपर वापरून पैसे वाचत नाहीत. पडदे बंद ठेवा. चार ते सहा आठवडे झाकून ठेवायची शिफारस आहे. आज झाकलं तर चार मिळतील. वरच्या पंधरा-वीस सेंटिमीटरमधलाच जीव यात मरतो, म्हणून पेपर काढल्यावर बेड पुन्हा खोल खणू नका.

नंतर निंबोळी पेंड हेक्टरी २ टन, म्हणजे १० गुंठ्यांना २०० किलो. एक टन कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा आणि पॅसिलोमायसिस या उपयोगी बुरशा प्रत्येकी २ किलो मिसळून, ओलसर ठेवून, सावलीत पंधरा दिवस मुरू द्या. मगच बेडमध्ये घाला. रासायनिक निमॅटोडनाशक घ्यायचंच असेल तर लेबलवर तुमच्या पिकाचं नाव आहे का ते स्वतः वाचा, दुकानदाराला विचारू नका. सिल्व्हर हायड्रोजन परॉक्साइड हे जंतुनाशक गाठीतल्या अंड्यांपर्यंत पोचेल या भरवशावर बसू नका.

माझा एक अंदाज: गाठी आधी दाराजवळच्या बेडला दिसतात. चिखलाच्या चपला आणि शेजारून आणलेलं खोरं तिथंच टेकतं. आतल्या चपला आणि अवजारं वेगळी ठेवा.

बाकीची मे महिन्याची कामं:
– पेपरच्या स्प्रिंगा, पडद्याच्या दोऱ्या तपासणे
– फाटलेल्या जागी पट्टी लावणे
– वळवाचा वारा सुटला तर पडदे पूर्ण बंद. अर्धे उघडे ठेवू नयेत
– छपराची पन्हाळी आणि बाहेरचे चर साफ करणे
– ड्रीपच्या नळ्या फ्लश करणे
– माती-पाण्याचा ईसी (क्षारांचं माप) तपासणे. पाऊस आत येत नसल्यानं क्षार साचतात

नवीन बेड भरणाऱ्यांनो, लाल मातीची ट्रॉली मागवण्याआधी त्या मातीच्या चार-पाच कुंड्या भरा आणि काकडीचं बी टोका. झाकलेल्या बेडच्या मातीचीही पेपर काढल्यावर हीच परीक्षा घ्या. पंचवीस-तीस दिवसांनी रोपं उपटा. मुळं पांढरी, सरळ दिसली तर लागवड करा. गाठी दिसल्या तर ती माती घेऊ नका, आणि तुमच्याच बेडच्या मातीत दिसल्या तर या हंगामात ढोबळी-काकडी लावू नका, झेंडू लावा. रोपवाटिकेतून रोपं घेतानाही ट्रेमधली दोन उपसून मुळं बघा. मालकाला राग आला तर येऊ द्या.