डोक्याला जोडलेली जुळी: ऑपरेशनआधी घरच्यांनी काय करायचं

सोनोग्राफीत जुळ्यांची डोकी चिकटलेली दिसली की सगळे एकच विचारतात, ऑपरेशन कधी? आधी विचारायचं ते वेगळंच, दोघांच्या मेंदूतल्या शिरा कशा आहेत. मेंदूतलं रक्त परत नेणारी मोठी शीर दोघांत एकच असली तर ती एकाच्याच वाट्याला जाते आणि दुसऱ्याला नवी वाट करून द्यावी लागते, सगळं घोडं तिथंच अडतं बघा.

१८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. असं काही दिसलं तर आपल्या सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलला दाखवून मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी घ्या. डिलिव्हरी सिझेरियननंच, आणि बाळांचं आयसीयू असेल तिथंच, गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये अजिबात नको. पुढं कुठं जायचं म्हणाल तर २०१७ मध्ये दिल्लीच्या एम्सनं ओडिशाची अशी सव्वादोन वर्षांची मुलं वेगळी केली, ऑगस्टमध्ये आधी शिरांचा बायपास, म्हणजे रक्ताला नवी वाट, मग ऑक्टोबरमध्ये दोघं वेगळी. त्यातला एक २०२० मध्ये गेला, हेही माहीत असू द्या. सोलापुरातून कर्नाटक एक्स्प्रेस थेट दिल्लीला जाते खरी, पण बाळांना रेल्वेनं न्यायचं का ते डॉक्टरच सांगतील.

मोठ्या हॉस्पिटलात आधी एमआरआय, सीटी, आणि शिरा बघायला अँजिओग्राफी होते, बऱ्याच ठिकाणी थ्रीडी प्रिंटरवर कवटीचं मॉडेल काढून डॉक्टर आधी प्रॅक्टिस करतात. एकाच दमात करा म्हणून मागं लागू नका, टप्प्याटप्प्यानं केलं की नव्या शिरांना मोठं व्हायला वेळ मिळतो. कातडीही कमी पडते, म्हणून काही वेळा डोक्याच्या कातडीखाली सिलिकॉनचा फुगा ठेवून त्यात थोडं थोडं सलाईन भरतात, कातडी ताणली की तीच नंतर झाकायला कामाला येते. भूल द्यायलाही दोघांसाठी दोन वेगळ्या टीम लागतात, कारण एकाला दिलेलं औषध दुसऱ्याच्या रक्तात जाऊ शकतं.

डॉक्टरांना तोंडावर विचारा: मेंदू किती जोडलेला आहे, एकालाच धोका जास्त आहे का, आणि नाहीच केलं तर काय? नाही करायचं हाही एक निर्णय असतो, पाहुणे काय म्हणतील ते सोडा.

पैशाचं महात्मा फुले योजनेत आणि मुख्यमंत्री सहाय्यता निधीत विचारून बघा, आधार, रेशनकार्ड, सगळे रिपोर्ट एका फाईलीत ठेवा, झेरॉक्स जास्तीच्या काढा. ऑपरेशननंतर फिजिओथेरपी लई दिवस चालते, कवटीचं हाड नंतर बसवायचं असलं तर तोवर हेल्मेट लागू शकतं, त्यामुळं तिकडं राहायची सोय आधीच बघून ठेवा.