रानातले चार कुडे कसे ओळखावेत

लाकूडतोडीने उजाड झालेली टेकडी असो की सह्याद्रीचा उतार, कुडा तिथे हमखास भेटतो. त्याच्या कडू चिकामुळे गुरं सहसा तोंड लावत नाहीत. तोडला तरी बुंध्यातून आणि मुळांतून तो पुन्हा फुटतो, म्हणून आसपासची झाडं गेली तरी तो टिकून राहतो. घोळ इतकाच, की आपल्याकडे कुडा म्हणून ओळखली जाणारी छोटी झाडं एक नाही, चार आहेत: पांढरा कुडा (होलॅऱ्हिना प्युबेसेन्स), काळा कुडा (रायटिया टिंक्टोरिया), तांबडा कुडा (रायटिया आर्बोरिया) आणि नागलकुडा (टॅबर्नेमॉन्टाना अल्टरनिफोलिया). चारही एकाच कुळातली, पण वंश तीन. नावं गावागणिक बदलतात, त्यामुळे नुसत्या नावावर विसंबू नका.

हा फरक कळणं गरजेचं आहे. आयुर्वेदातला कुटज, म्हणजे आव-अतिसारावर चालणाऱ्या कुटजारिष्टातली साल, पांढऱ्या कुड्याची. तिच्यात काळ्या-तांबड्या कुड्याची सालही मिसळली जाते.

पहिली पायरी: कुडाच आहे ना, हे पाहा

एक पान देठाशी तोडा. पांढरा चीक आला आणि पानं समोरासमोर जोडीने असली, तर पुढे जा. चाफा, वड, उंबर यांनाही चीक असतो, पण त्यांची पानं एकाआड एक येतात. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, हात धुऊन घ्या. चिकाला पिवळसर झाक दिसली तर तांबड्या कुड्याचा संशय धरा.

दुसरी पायरी: पान बोटांत धरा

तांबड्या कुड्याचं पान मखमलीसारखं लवदार, खालच्या बाजूने जास्तच. नुसत्या स्पर्शानेही तो बऱ्याचदा कळतो. नागलकुड्याचं पान जाडसर, चकचकीत, गुळगुळीत. पांढऱ्या कुड्याचं मोठं, पातळ, जवळजवळ बिनदेठाचं, ठळक शिरांचं. काळ्या कुड्याचं त्याहून लहान आणि टोकाकडे निमुळतं होत जाणारं. पानं वर्षभर सारखी राहत नाहीत. कोवळी आणि जून पानं फार वेगळी दिसतात. त्यामुळे पानावरून अंदाज बांधा, निकाल देऊ नका.

तिसरी पायरी: फुलाच्या मध्यभागी पाहा

उन्हाळ्यात, पाऊस येईपर्यंत, पांढरा कुडा झुपक्यांनी फुलतो. कोकणात त्याच्या फुलांची भाजी करतात. काळ्या कुड्याची फुलंही पांढरी आणि सुवासिक, म्हणून लांबून दोघांत फसगत होते. फूल हातात घ्या. काळ्या कुड्याच्या फुलात पाकळ्यांच्या आत पांढऱ्या झालरीचं कडं असतं आणि त्यातून परागकोशांचा टोकदार सुळका बाहेर आलेला असतो. पांढऱ्या कुड्याच्या फुलात झालर नाही, सुळका नाही. पाच पाकळ्या आणि मध्ये बारीक नळीचं तोंड. साध्या भिंगातून हा फरक फार सुंदर दिसतो.

तांबड्या कुड्याचं फूल मांसल, पिवळसर ते नारिंगी, वास मात्र नकोसा. नागलकुड्याचं पांढरं फूल चक्रीसारखं, तगरीच्या जवळचं.

चौथी पायरी: शेंगेवर निकाल द्या

माझं ठाम मत आहे की कुडा शेंगेवरूनच ओळखावा. फूल थोडे दिवस असतं. शेंगा पानगळीनंतरही निष्पर्ण फांद्यांवर लटकत राहतात. प्रत्येक फुलातून शेंगांची जोडी येते, आणि ती जोडी कशी जुळली आहे यातच उत्तर असतं.

पांढरा कुडा: दोन लांब, बारीक शेंगा, देठापासून टोकापर्यंत पूर्ण सुट्या.

काळा कुडा: दोन शेंगा मध्ये फाकलेल्या, पण टोकाला एकमेकींना चिकटलेल्या. पिकून उकलताना त्या सुटतात, म्हणून हिरवी जोडी पाहा.

तांबडा कुडा: दोन्ही शेंगा पूर्ण जुळून एकच जाड शेंग वाटते, तिच्यावर खाच आणि पांढरे ठिपके.

नागलकुडा: शेंग लांब नाहीच. होडीसारखी वाकडी, आखूड फळं जोडीने येतात आणि उकलली की आतला लालसर-नारिंगी गर दिसतो. तो गर खायला पक्षी येतात.

पाचवी पायरी: शेंग उकललेली असेल तर बी पाहा

पहिल्या तिघांच्या बियांना रेशमी केसांचा झुबका असतो आणि वारा त्या दूर नेतो. पांढऱ्या कुड्याच्या बीचा झुबका शेंगेच्या टोकाकडे असतो, काळ्या-तांबड्याचा देठाकडे. त्यासाठी बी शेंगेत असतानाच पाहायला हवं. एकदा हातात आलं की दिशा कळत नाही. पांढऱ्या कुड्याचं बी म्हणजे कडू इंद्रजव, काळ्याचं गोडे इंद्रजव. चव घेऊन ओळखण्याच्या फंदात पडू नका.

झाड ओळखलं की तिथेच थोडा वेळ थांबा. पांढऱ्या कुड्याच्या पानांवर कॉमन क्रो फुलपाखराच्या अळ्या वाढतात. जे गुरांना नको, ते त्यांचं अन्न, म्हणून कुरतडलेली पानं पाहून औषध फवारू नका.

बी गोळा करायचं असेल तर

शेंग तपकिरी झाली पण उकलली नाही, तेव्हा काढा, नाहीतर बी वाऱ्याबरोबर जातं. अर्ध्याहून अधिक शेंगा झाडावरच राहू द्या. अभयारण्यातून काहीही आणू नका. साल तर मुळीच सोलू नका: खोडाभोवती पूर्ण कडं सोललं की मुळांकडे जाणारं अन्न तुटतं आणि वरचं झाड वाळतं. औषधासाठी साल हवी असेल तर वैद्याला विचारा. बियांची पिशवी भरल्या भरल्या तिच्यावर कुड्याचं शास्त्रीय नाव, जागा आणि तारीख लिहा. रोपं उगवल्यावर चौघांना वेगळं करणं फार अवघड जातं.