सवय सुटत नाही? मग एकट्यानं लढू नको भाऊ

पहिले हे ऐक, रोज पॉर्न पाहतो म्हणून लाज वाटते एवढ्यावरून कोणी आजारी ठरत नाही. डब्ल्यूएचओच्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे आजारांच्या यादीत, लैंगिक वागण्यावरचा ताबा सुटणं हा आजार आहे, पण त्यात ६ महिने किंवा जास्त काळ कंट्रोल सुटलेला पाहिजे आन कामधंदा, नाती यांची वाट लागलेली नाहीतर जिवाला लई त्रास होत असलेला पाहिजे, आन तो त्रास नुसत्या लाजेचा नको.

तसं असंल तर कागदावर तीन गोल काढ, एकात एक. आतल्यात जे बिलकुल करायचं नाही ते, मधल्यात घसरगुंडी म्हणजे रात्री १ वाजता पांघरुणात मोबाइल, भांडण, उपाशीपोट, आन बाहेरच्यात चांगल्या गोष्टी, नागपूरच्या फुटाळा तलावावर चक्कर, दोस्तांसोबत तर्री पोहे (सेक्स ॲडिक्ट्स ॲनॉनिमसवाले हेच करतात, हा असली सवय सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट, १९७७ पासूनचा, ऑनलाइन मीटिंगा पण असतात, फुकट, नुसतं पहिलं नाव सांगायचं).

पहिल्या मीटिंगला नुसतं ऐक. मग एखाद्या जुन्या मेंबरचा नंबर घे आन तलफ आली की लगेच फोन लाव, काम झाल्यावर नाही, आधी! हेच सगळ्यात जड जाते.

जिवाचं बरंवाईट डोक्यात येत असंल तर टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६, चोवीस तास, नाहीतर नागपूरच्या मेडिकल कॉलेजची मानसोपचार ओपीडी.

पाय घसरला तर त्याच दिवशी त्या मेंबरला सांगून टाक.