डेटा वेअरहाउसिंग पुस्तकातून शिकताना : पिवळी रेघ मारूनही चुकलो, त्याची गोष्ट

"पुस्तकं कसली वाचतोस, यूट्यूबवर सगळं पडलंय." प्रॉडक्शन सपोर्टमधून डेटाच्या टीममध्ये आलो तेव्हा हे मला निदान चौघांनी ऐकवलं. मी कुणाचं ऐकलं नाही, डेटा वेअरहाउसिंगचं, म्हणजे रिपोर्टसाठी कंपनीचा सगळा डेटा एका कोठारात मांडण्याचं, पुस्तक घेतलं, वाचलं, आणि तरी तोंडावर आपटलो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलायचा थोडा हक्क मला आहे, असं मी समजतो.

एसक्यूएल येतं, फॅक्ट (मोजायचे आकडे, जसं विक्री) आणि डायमेन्शन (ते आकडे ज्यानुसार बघायचे ते, जसं ग्राहक, तारीख) हे शब्द ओळखीचे आहेत, असं धरून पुढे लिहितो.

घ्यायचं असेल तर एकच घ्या : राल्फ किम्बॉल आणि मार्गी रॉस यांचं 'द डेटा वेअरहाउस टूलकिट', 2013 ची तिसरी आवृत्ती. पहिली 1996 ची होती. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मधली आवृत्ती स्वस्तात मिळाली तरी चालेल, गाभा तोच आहे. बिल इनमनचं पुस्तक नंतर कधीतरी वाचा. 'इनमन की किम्बॉल' हे इंटरव्ह्यूत हमखास विचारतात. इनमन म्हणतो, आधी अख्ख्या कंपनीचं एक नॉर्मलाइज्ड (एक माहिती एकाच जागी ठेवणारं) कोठार उभं करा आणि त्यातून विभागांचे मार्ट, म्हणजे त्यांच्यापुरती छोटी कोठारं, काढा. किम्बॉल म्हणतो, एकेक बिझनेस प्रोसेस घेऊन स्टार स्कीमा (मध्ये फॅक्ट टेबल, भोवती डायमेन्शन टेबलं) बांधा आणि सामायिक डायमेन्शनांनी ते एकमेकांना जोडा. एवढं सांगता आलं की पुरे. यावर तासन्‌तास भांडणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्या नाइट लोडला, म्हणजे रात्री डेटा भरायच्या कामाला, कोण जागतं कुणास ठाऊक.

टूलकिटच्या तिसऱ्या आवृत्तीतलं दुसरं प्रकरण पहिल्या वाचनात सोडून द्या (पुढचे प्रकरण क्रमांकही त्याच आवृत्तीचे). ती तंत्रांची नुसती जंत्री आहे. मी तिथेच दोन आठवडे अडकलो आणि आपल्याला हे जमणार नाही असं ठरवूनही टाकलं होतं. सरळ तिसऱ्यावर जा, तिथे किराणा मालाच्या दुकानांची साखळी घेऊन सगळं पायरीपायरीने मांडलंय : कोणती प्रोसेस, ग्रेन काय, डायमेन्शन कोणते, फॅक्ट कोणते.

आता ग्रेन. इथे मी मेलो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

ग्रेन म्हणजे फॅक्ट टेबलातली एक ओळ नक्की कशाची, हे एका वाक्यात सांगणं. वाचताना वाटलं, यात काय एवढं? वाक्याखाली पिवळ्या हायलायटरने रेघ मारली आणि पुढे गेलो. सहा महिन्यांनी विक्रीचा पहिला मार्ट माझ्याकडे आला. सोर्समध्ये इनव्हॉइसचं एक हेडर टेबल (अख्ख्या बिलाची एक ओळ) आणि एक लाइनचं (बिलातल्या एकेका वस्तूची एक ओळ). मी दोन्ही जॉईन केली आणि सगळे आकडे एका फॅक्टमध्ये ओतले. वाहतूक खर्चही. पण वाहतूक खर्च हेडरवर होता.

एक इनव्हॉइस घ्या. तीन लाइन : 1200, 800 आणि 2000 रुपये. वाहतूक 300. जॉईननंतर ते 300 तिन्ही ओळींवर आले आणि बेरीज झाली 900. विक्रीची बेरीज मात्र 4000, अगदी बरोबर. म्हणून तर टेस्टिंगमध्ये कुणाला काही दिसलं नाही. सगळे विक्रीच बघत होते.

फायनान्सच्या मॅडमनी विचारलं, "अहो, गाड्यांवर एवढा खर्च आपण कधी केला?" तेव्हा मी घाबरून केलं काय, तर बेरजेत डिस्टिंक्ट टाकलं. त्या एका इनव्हॉइसला आकडा 300 आला. मी खूश. पण दुसऱ्या इनव्हॉइसचीही वाहतूक 300 च असेल तर? डिस्टिंक्ट दोघांचे मिळून एकदाच 300 धरतो. आता रिपोर्ट कमी दाखवू लागला. आधी जास्त, मग कमी, आणि मी प्रत्येक वेळी "आता फिक्स झालंय" असा मेल टाकलेला. डिस्टिंक्टने आकडा जुळवणं म्हणजे गळक्या छताखाली बादली ठेवणं आहे. कृपा करून करू नका.

खरा उपाय साधा होता. एक ओळ म्हणजे इनव्हॉइसची एक लाइन, असं ठरलं की हेडरवरचा खर्चही लाइनवर वाटून द्यायचा. किमतीच्या प्रमाणात 300 चे होतात 90, 60 आणि 150. पैशांचा फरक उरला तर तो शेवटच्या लाइनवर. वाटणीचा नियम मात्र फायनान्सला विचारून ठरवायचा, आपल्या मनाने नाही. ज्यांना वाटणी मान्य नसेल त्यांच्यासाठी वाहतुकीचं वेगळं फॅक्ट, इनव्हॉइसच्या ग्रेनवर.

आणि हे सगळं पुस्तकात होतं. सहाव्या प्रकरणात, ऑर्डरवाल्या. तिथेही माझी पिवळी रेघ होती.

म्हणून माझं मत : ही पुस्तकं कादंबरीसारखी वाचून उपयोग नाही. लॅपटॉपवर पोस्टग्रेस डेटाबेस टाका, ओळखीच्या दुकानदाराची महिन्याची बिलं मागा, ग्राहकांची नावं काढून टाका आणि प्रकरण वाचता वाचता तेच टेबल बांधा. ग्राहक सांगलीहून नाशिकला गेला तर जुनी विक्री कुठे दाखवायची, हा प्रश्न स्वतःच्या टेबलात पडला की पाचव्या प्रकरणातला टाइप 2 (जुनी ओळ तशीच ठेवून बदलाची नवी ओळ घालणं) आपोआप कळतो.

जुनं झालंय तेही सांगतो. क्यूब (आकडे अनेक अंगांनी आधीच मोजून ठेवलेली रचना), डिस्कची काटकसर, आधीच बेरजा करून ठेवलेली टेबलं, हे वाचताना हात सैल सोडा. बिगक्वेरी किंवा स्नोफ्लेकसारख्या क्लाउड वेअरहाउसवर त्यातलं बरंचसं तेवढं टोचत नाही. मात्र क्लाउडवर चुकीच्या ग्रेनची बेरीज चुकीचीच येते, फक्त लवकर येते.

क्लासवाल्यांबद्दल फार लिहीत नाही. 'पंचेचाळीस दिवसांत डेटा इंजिनीअर' वाल्यांकडे मीही पैसे घालवलेत, तिथे टूलची बटणं शिकवली, ग्रेन हा शब्द एकदाही आला नाही. सीनिअरही सगळे सारखे नसतात. "डॉक्युमेंटेशन वाच" म्हणून कटवणारे बरेच. मला भेटलेल्या एका ताई वेगळ्या निघाल्या. डिझाइन दाखवायला गेलो की त्या स्क्रीनकडे बघायच्याच नाहीत. आधी म्हणायच्या, "एक ओळ म्हणजे काय, ते मराठीत सांग." वाक्यात 'आणि' आला की परत पाठवायच्या.

तीन वेळा परत आलोय मी. तुम्हीही याल, दोन महिने काहीच कळत नाहीये असं वाटेल, ते चालतं. परवा टीममधल्या नव्या मुलीने माझी प्रत मागितली. दिली, पण सहाव्या प्रकरणातल्या त्या पानावर पेन्सिलने 1200, 800, 2000 आणि 300 लिहून.